वर्षावासातील कथा आणि त्यांचे तात्पर्य

वर्षावासात विहारांतून होणारे ग्रंथवाचन हा आपल्याकडे अजून समीक्षेचा विषय झालेला नाही. आपली समीक्षा कविता पाहते, आत्मकथने पाहते, क्वचित नाटकाकडे वळते. परंतु आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वस्त्यावस्त्यांतील समाजमंदिरांत रात्री तास-दीड तास जे वाचले जाते, सांगितले जाते आणि ऐकले जाते, त्याकडे ती पाहत नाही. हे काम भाविकांचे, आपले नव्हे, अशी एक समजूत आपल्या लिहिणाऱ्या मंडळींत आहे. ती सोयीची आहे. कारण त्या समाजमंदिरात बसलेल्या बायका, म्हणजे दिवसभर धुणीभांडी करून, निंदणी-खुरपणी करून, पोराबाळांचे आवरून पांढरे लुगडे नेसून आलेल्या आपल्या आया, मावश्या, चुलत्या, आपली कविता वाचत नाहीत. त्या हे ऐकतात. त्यांच्या मनात श्रद्धा म्हणून जे काही घडते ते येथे घडते. तेव्हा येथे काय सांगितले जाते याची झडती घेणे हे समीक्षेचेच काम आहे.

वाचनाची रीत साधारण सगळीकडे सारखी. त्रिसरण-पंचशील होते. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील एक भाग वाचला जातो. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्याची रचनाच मोठ्याने वाचण्यासाठी केलेली वाटते: लहान वाक्ये, वाक्यांना क्रमांक, प्रत्येक प्रसंग वेगळा. वाचणारी मुलगी आठवीतली असली तरी अडत नाही. वाचन झाले की प्रवचनकार किंवा बौद्धाचार्य बोलायला उठतात. ते एखादी कथा सांगतात आणि कथेच्या शेवटी तात्पर्य सांगतात. माझे भांडण ग्रंथाशी नाही, कथेशीही नाही. ते या तात्पर्याशी आहे.

तात्पर्याची ही सवय आपल्याला कोठून लागली हे सांगायला मोठ्या संशोधनाची गरज नाही. शाळेच्या वाचनमालेतून, हरदासी कीर्तनातून, पोथीच्या फलश्रुतीतून ती आली. पोथी गेली, तिच्या जागी ग्रंथ आला. पण पोथी ऐकणारा कान तोच राहिला. बाबासाहेबांना या कानाची कल्पना होती असे मला वाटते. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर त्यांनी जो लेख लिहिला, त्यात धर्माच्या ज्या कसोट्या मांडल्या त्यांतील एक अशी की, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. ही कसोटी मी कथांनाही लावतो. एखादी कथा ऐकून घरी जाणारी बाई आपल्या दारिद्र्याशी, आपल्या अपमानाशी अधिक समजुतीने वागू लागली, तर ती कथा, निदान ते सांगणे, या कसोटीवर नापास झाले.

ग्रंथातलेच उदाहरण घेऊ. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले, संन्यासी पाहिला, म्हणून सोडले, हे परंपरेचे उत्तर. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता हे कसे पटावे, असा साधा प्रश्न बाबासाहेबांनी प्रस्तावनेत विचारला आणि ते उत्तर बाजूला ठेवले. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो ते पाण्यावरून. शाक्य आणि कोलिय यांच्या शेतांना रोहिणी नदीचे पाणी मिळे. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे इकडची, दोन तिकडची, त्यांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, अशी दुरुस्ती सुचवली. ती बहुमताने फेटाळली गेली. सैन्यात दाखल व्हायला त्याने नकार दिला तेव्हा त्याला सांगण्यात आले की, संघ तुझ्या कुटुंबावर बहिष्कार घालू शकतो, तुमच्या जमिनी जप्त करू शकतो. यावर त्याने शिक्षा मला द्या, घरच्यांना नको, असे म्हणून परिव्रज्या पत्करली.

चार दृश्यांच्या कथेवर शंका घेणारे बाबासाहेब पहिलेच नव्हेत. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' मध्ये ती कथा मूळची विपस्सी बुद्धाची आहे हे दाखवून, सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताच्या आधारे भांडणे हेच गृहत्यागाचे कारण मानले होते. अट्ठकथांत रोहिणीच्या पाण्याचे भांडण येते ते बुद्धत्वप्राप्तीनंतर, आणि बुद्ध तेथे मध्यस्थ आहे. बाबासाहेबांनी ते भांडण आधी आणले आणि सिद्धार्थाला मध्यस्थाच्या जागेवरून उठवून आरोपीच्या जागी उभे केले. या बदलाचे मोल मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. पाणी, ठराव, बहुमत, बहिष्कार, जमीनजप्ती. यातला एकही शब्द आपल्याला कपिलवस्तूत जाऊन शिकावा लागत नाही. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, आणि तरी २० मार्च १९२७ रोजी तेथे पाणी प्यायल्याबद्दल माणसांची डोकी फुटली. पुढे तळे शुद्ध करून घेतले गेले. आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ सालच्या मार्चमध्ये लागला. ज्याने हे सारे भोगले त्याने रोहिणीचा प्रसंग लिहिला आहे. बहिष्कार तर इतका जुना झालेला नाही की इतिहासात जमा व्हावा. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता हा प्रसंग विहारात कसा सांगितला जातो? मी तीन-चार ठिकाणी ऐकला. एका ठिकाणी तात्पर्य निघाले : भांडण करू नये, शेजाऱ्याशी गोडीने राहावे. दुसऱ्या ठिकाणी : महापुरुष घरादाराचा मोह सोडतात. एवढे मोठे राजकारण, एवढी मोठी सभा, अल्पमतात एकटा उभा राहिलेला एक अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा सभासद, आणि शेवटी नळावरच्या भांडणाचा उपदेश! वस्तीतल्या नळावर भांडण होते ते बायका भांडकुदळ असतात म्हणून होत नाही, पाणी चाळीस मिनिटे येते म्हणून होते. बाबासाहेबांचा सिद्धार्थ प्रव्रज्येनंतर युद्ध टळल्याची बातमी ऐकतो आणि तरीही परत फिरत नाही. कारण हे एक भांडण मिटले तरी भांडणाचे मूळ शिल्लक आहे हे त्याला दिसते. प्रवचनकार त्या ओळीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. तोवर खीर तयार झालेली असते.

किसा गोतमीची कथा सर्वांच्या तोंडी आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती श्रावस्तीत औषध मागत फिरते. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे बुद्ध सांगतात. असे घर मिळत नाही आणि ती सावरते. मरण कोणालाच चुकत नाही, हे तात्पर्य ठरलेले. कथेच्या करुणेबद्दल मला शंका नाही. परंतु आपल्या वस्तीत ती सांगताना दोन गोष्टी जिभेवर यायला हव्यात. एक, किसा गोतमी श्रावस्तीच्या प्रत्येक दारात जाऊन मूठभर मोहरी मागू शकली. आपल्या आज्यांना गावात ती दारे नव्हती. त्यांना मोहरी वरून टाकली गेली असती. दुसरी, मरण सर्वांना असले तरी सगळी मरणे सारखी नसतात. गटारात उतरून गुदमरलेल्या माणसाच्या बायकोला मोहरीची कथा सांगून मोकळे होणे याला धम्म म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. ते रुपये मिळवण्यासाठीही त्या बाईला दारोदारच फिरावे लागते, आणि प्रत्येक दारी तिला दुसऱ्या दाराचा पत्ता मिळतो. ग्रंथात जेथे बुद्धाच्या करुणेचे प्रसंग आहेत तेथेच हगवणीने पडलेल्या भिक्षूला बुद्ध आणि आनंद स्वतः धुतात हाही प्रसंग आहे. तो फार कमी सांगितला जातो. त्याचे तात्पर्य काढता येत नाही, तो करावा लागतो, हे त्याचे कारण असावे.

वेस्संतर जातकाचा मी एका वाक्यात निकाल लावतो. दानपारमिता पूर्ण करण्यासाठी जो बाप आपली दोन लेकरे घरकामाला म्हणून एका म्हाताऱ्या ब्राह्मणाला देऊन टाकतो, आणि तो त्यांना वेलीने बांधून मारत नेतो, त्या बापाची स्तुती ज्यांचे आजोबा-पणजोबा सालाने राबले त्यांच्या पोरांपुढे करू नये. विहाराच्या बांधकामाची वर्गणी सुरू असली तरी करू नये.

मात्र जातकांत आपल्या उपयोगाचे फार काही आहे आणि ते पडून आहे. पाचशे सत्तेचाळीस कथांच्या त्या संग्रहात एक अंबजातक आहे. त्यात बोधिसत्त्व चांडाळ आहे. त्याला एक मंत्र येतो. अवेळी आंब्याला पाणी मारून मंत्र म्हटला की जुनी पाने गळतात, नवी पालवी, मोहर, फळे क्षणात येतात. एक ब्राह्मण तरुण त्याच्याकडे राहतो, लाकडे फोडतो, पाय धुतो, त्याच्या बायकोच्या बाळंतपणात राबतो, आणि मंत्र मिळवतो. गुरू एवढेच सांगतो की, कोणी विचारले तर माझे नाव लपवू नकोस. पुढे तो काशीच्या राजाच्या पदरी राहतो. राजा विचारतो, कोणाकडे शिकलास? चांडाळाकडे म्हटले तर लाज जाईल, आणि मंत्र तर तोंडपाठ आहे, तो कोठे जातो, असा विचार करून तो तक्षशिलेच्या नामांकित आचार्यांचे नाव सांगतो. त्याच क्षणी मंत्र जातो. दुसऱ्यांदा राजा आंबे मागतो तेव्हा तो नक्षत्राची सबब सांगतो, शेवटी खरे कबूल करतो. राजा त्याला मारून हाकलतो. गुरू पुन्हा मंत्र देत नाही. तो रानात बेवारशी मरतो.

ही कथा मी बी.ए.च्या वर्गात सांगतो. सांगताना माझ्या मनात जे होते ते उघड आहे. आपला शिकलेला वर्ग, शहरात आडनाव बदललेला, घराच्या भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत नेलेला, जयंतीच्या दिवशी रजा टाकून गावाला न जाणारा. त्याला ही कथा नेमकी लागू पडते असे मला वाटे, आजही बऱ्याच अंशी वाटते. आपल्या अंगात जे आंब्याचे झाड फुलले ते कोणाच्या मंत्राने, हे विचारल्यावर आपण तक्षशिलेचे नाव सांगतो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या मंत्राचे गुरू कोण हे मला कोणी शिकवायला नको. पण एका वर्गात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, त्याला गुरूचं नाव सांगून भाड्यानं खोली मिळाली नसती तर?"

वर्ग हसला नाही. त्या वर्गातली निम्मी मुले खोली शोधून दमलेली होती. हा प्रश्न कथेला बाहेरून घातलेला नाही, तो कथेच्या आतलाच आहे. जातकातला तरुण ब्राह्मण आहे. त्याला खरे सांगून गमवायची होती ती प्रतिष्ठा. जो खरे सांगून छप्पर गमावतो त्याचे लपवणे वेगळे. लाज आणि भीती यांत फरक आहे, आणि जातककाराला भीतीची गरज पडली नाही, कारण त्याने लपवणारा ब्राह्मण घेतला. हा फरक आपल्या साहित्याने केला. बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (याच नावाचा संग्रह १९६३ चा) अंबजातकाच्या शेजारी ठेवून वाचावी. रेल्वेत नोकरी मिळालेला तरुण परमुलखात जात न सांगता खोली घेतो. उघड झाल्यावर त्याला मार बसतो. दोन्ही कथांत लपवणाऱ्याला मार आहे. परंतु जातक वाचून आपण मार खाणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि बागूल वाचून मारणाऱ्याकडे. बागुलांच्या कथेला तात्पर्य नाही. ती संपते आणि आपण अस्वस्थ राहतो. समाजमंदिरात ती सांगितली तर कोणी साधु साधु म्हणणार नाही. तरी मला विचाराल तर अंबजातक सांगणाऱ्याने लगेच ही कथा सांगितली पाहिजे. जो मुख्य अभियंता होऊनही फोटो आत नेतो त्याला जातक पुरे. जो चौकीदार भाड्याच्या खोलीसाठी गप्प बसतो त्याच्या डोक्यात जातक हाणू नये.

इतिहासाच्या बाबतीतही आपण असेच तात्पर्याला घाई करतो. १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभाकडे जाणारी माणसे आकडे पाठ म्हणतात : पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार. १८१८ च्या त्या दिवशी कंपनीच्या सुमारे आठशेंच्या तुकडीत महार शिपाई लक्षणीय होते, पण तुकडी एकट्या महारांची नव्हती. आणि पेशव्यांचे सगळे सैन्य गावात शिरले नव्हते. हे सांगितले की काही कार्यकर्ते चिडतात. स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' लागलेली नावे आहेत. ज्यांना गावात सावली पडू देता येत नव्हती त्यांची नावे दगडावर आहेत, एवढे त्या स्तंभापुढे उभे राहायला पुरेसे आहे. आकडे फुगवून आपण विरोधकाच्या हाती खोडायला सोपी गोष्ट देतो. याच कंपनीच्या वारस सरकारने त्याच शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती थांबवली, हेही त्याच दमात सांगावे. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला तेथे गेले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या तर स्तंभाचा अर्थ आपोआप लागतो. २०१८ च्या हल्ल्यानंतर तर हा दिवस केवळ शौर्याचा राहिलेला नाही, तो हक्काने रस्त्यावरून चालण्याचा झाला आहे.

महाडच्या दुसऱ्या परिषदेतील २५ डिसेंबर १९२७ चे मनुस्मृतिदहन आपण दरवर्षी सांगतो. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते, हेही पुष्कळ वेळा सांगतो, कारण ते सांगायला बरे वाटते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलायला सांगितले, जातीची खूण असलेले दागिने टाकायला सांगितले, आणि बायकांनी तेथल्या तेथे लुगडी घोट्यापर्यंत नेसली, ही गोष्ट मात्र भाषणाच्या शेवटी वेळ उरला तर येते. ग्रंथ जाळणे हे एकदाच करता येते. लुगडे रोज नेसावे लागते, आणि परत गावात जाऊन, पाटलाच्या वाड्यावरून नेसून चालावे लागते. त्या बायकांना पुढच्या आठवड्यात गावात काय ऐकावे लागले असेल, ते कोणत्याही अहवालात नाही. ते समाजमंदिरात बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना आपापल्या सासवांकडून थोडेफार माहीत आहे. त्यांना कोणी बोलायला उठवत नाही. त्यांनी ऐकायचे असते.

आणि सण. वर्षावास आषाढात सुरू होतो. आपल्या वाड्यात आषाढ पूर्वी रिकामा नव्हता. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये तो आषाढ आहे : घरे सारवणे, न्हाणे, देवीचा कौल, अंगात येणाऱ्या बायका, पोतराज, रेडा. वर्षभर पोटाला चिमटा घेणाऱ्या माणसांचा तो एकच महिना भरल्या तोंडाचा आणि मोठ्या आवाजाचा. ते सारे का सोडायचे हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञांत सांगितले गेले, आणि ते सोडणे योग्यच होते, यात माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण जुन्या आषाढात बाई बोलत होती. अंगात आल्याशिवाय तिला बोलता येत नव्हते हे खरे. परंतु त्या एका घटकेला सासरा, नवरा, सारा वाडा तिच्यापुढे हात जोडून उभा राही. नव्या आषाढात अंगात येत नाही, आणि बोलायची पाळीही येत नाही. ती पांढरे लुगडे नेसून मांडी घालून पुरुषाचे तात्पर्य ऐकते. बाबासाहेबांच्या ग्रंथात प्रकृती नावाची चांडाळकन्या नदीकाठी आनंदाशी बोलते, महाप्रजापती संघप्रवेशासाठी वाद घालते. ते वाचून झाल्यावर सभेतल्या एकाही बाईने तोंड उघडू नये, ही व्यवस्था ग्रंथातून आलेली नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या वर्षावासात दोन-तीन शिक्षिकांनी एक प्रयोग केला. ग्रंथवाचनानंतर प्रवचन ठेवले नाही. 'जिणं आमुचं' मधली आषाढाची पाने वाचली आणि गप्प बसल्या. थोड्या वेळाने एक म्हातारी म्हणाली, "आमच्यात रेडा नव्हता, बोकड असायचा," आणि मग रात्री साडेअकरापर्यंत कोणी उठले नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरींनी आक्षेप घेतला की, चौरंगावर ग्रंथाशेजारी दुसरे पुस्तक ठेवले गेले. त्यावर दोन बैठका झाल्या. सध्या ते पुस्तक चौरंगाखाली, सतरंजीवर ठेवतात, आणि वाचन चालू आहे.